खंडेनवमीला धुतलेल्या नळ्या

आमच्या संगमनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कानिफमामा शिपाई आहेत. बावीस वर्षं काचेची भांडी धुतात. मी तिथला स्टोअरकीपर. भांडं फुटलं की जाब मला द्यावा लागतो, म्हणून मामांबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. माणूस कामाला वाघ, पण डोकं स्वतःचं चालवतो. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

सुकन्या मॅडम आमच्याकडं पीएचडी करतात. त्यांनी एक रसायन बनवलंय. कॅन्सरच्या गाठीत एक एन्झाइम जास्त असतं. ते या रसायनाला भेटलं की जांभळ्या दिव्याखाली रसायन निळं चमकतं. पुढंमागं सर्जनला गाठ कुठवर पसरलीय ते स्वच्छ दिसावं, असा बेत. एन्झाइम नसलेल्या नळीत मात्र अंधारच राहायला हवा. नाही राहिला, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी पुण्याहून दोन प्राध्यापक तपासणीला यायचे होते. शनिवारी मॅडमनी खोलीत अंधार करून दिवा लावला, तर सगळ्याच नळ्या चमकायला लागल्या. एन्झाइमवाल्या, बिनएन्झाइमच्या, अगदी नुसत्या पाण्याच्यासुद्धा. मॅडम स्टुलावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. मला असलं बघवत नाही, मग मी उगाच चिडतो.

"नळ्यांना हात कुणी लावला होता?" मी ओरडलो.

"मी धुतल्या की," म्हणत कानिफमामा दारातून आत आले. मॅडमनी हातातला दिवा तिकडं फिरवला. मामांची टोपी आणि सदरा लख्ख निळे पेटले. चेहरा दिसेना, नुसते कपडेच चालत आल्यासारखे.

मॅडमनी डोळे पुसले. "मामा, कपडे कशानं धुता?"

"घरच्या पावडरीनं. लई सफेदी येती."

"आणि नळ्या?"

"तिनंच की. खंडेनवमीला अवजारं पुजायची, ती काय कळकट ठिवायची व्हय?"

"विसळल्या किती पाण्यात?"

मामा दुष्काळी पाथर्डीकडचे. पाण्याच्या बाबतीत हात आखडता. "एका बादलीत," ते ऐटीत म्हणाले. "दोनशे नळ्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. पावडरीतली सफेदी म्हणजे या दिव्याखाली चमकणारं रसायनच, असं मॅडमनी समजावलं. मामांचं तोंड एवढंसं झालं.

"म्हंजी ताई, तुमचं वाटुळं मी केलं?"

मॅडमनी दिवा बंद केला आणि नळ्यांचे स्टँड मामांपुढं सरकवले.

रविवारी मामा सकाळी सातला नळाखाली बसले. एकेक नळी दहादहा वेळा विसळायची, शेवटचा हात शुद्ध पाण्याचा. एवढं पाणी वाहून जाताना बघून त्यांचा जीव तुटत होता. दर दहा मिनिटांनी नळ बंद करायला हात जायचा आणि मी तो बाजूला करायचो. होय, मीही बसलो होतो. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?

सोमवारी दिवा लागला. डावीकडची नळी निळीशार चमकली. पाहुणे तिच्यावर वाकले, फोटो काढले, मॅडमचं अभिनंदन केलं. मामा मात्र उजवीकडच्या, बिनएन्झाइमच्या काळ्याठिक्कर नळीसमोर मोबाईल धरून उभे.

"मामा, त्या फोटोत काय दिसणारे?" मी विचारलं.

"कायबी न्हाई," मामा म्हणाले. "घरी दावतो. म्हनंन, ही मी धुतली."