लवू मेस्त्रीचा लाल ठिपका

लवू मेस्त्रीबद्दल कोणी चांगलं बोललं की माझं डोकं फिरतं, आणि दहिसरमध्ये सगळे चांगलंच बोलतात. हाक मारली की धावत येतो, गरिबाकडून मजुरी घेत नाही, तोंडात शिवी नाही. खरं आहे सगळं. मीसुद्धा वर्षभर तेच सांगत फिरत होतो. त्याची फुकटची जाहिरात माझ्याइतकी कोणी केली नसेल.

मी धाकू. लवू आणि मी एकाच वाडीतले, मालवणकडचे. मुंबईत आलो ते गाववाल्यांच्या खोलीत. माणसं पंचवीस आणि अंथरुणं बारा, त्यामुळे पाळी बघून वाटणी व्हायची. मी मिलच्या साचेखात्यात, मागावर, दिवसपाळीला, लवू तिथल्याच वर्कशॉपात रातपाळीला. सकाळी तो यायचा, मी उठायचो, आणि माझ्या अंगाने ऊब धरलेल्या वाकळीत तो शिरायचा. अशी सहा वर्षं काढली आम्ही.

पुढे त्याने मिल सोडली आणि दहिसरला नदीच्या पुलापाशी पत्र्याची शेड टाकून गाड्या दुरुस्त करायला लागला. हात सोन्याचा होता, खोटं कशाला बोलू. खोड एकच. नट आवळून झाला की काडीने त्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. म्हणजे हा आपण आवळलाय, परत बघायला नको. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी खालून बघितली तर गोवर उठल्यासारखी दिसायची.

ब्याऐंशीचा संप झाला आणि आमची मिल काही परत उघडली नाही. चौऱ्याऐंशीत फंडाचे पैसे हातात आले. मी तोवर दहिसरलाच चाळीत खोली घेतली होती. रुक्मिणी, माझी बायको, म्हणाली, चला गावाला. पण पोरगी, मालन, आठवीत होती आणि वर्गात पहिली यायची. तिला तिथे नेऊन काय गुरं राखायला लावू? शेवटी नवराबायकोत ठरलं की या पैशांत काही धंदा जमला तर मुंबईत राहायचं, नाही जमला तर खोली विकून गाव गाठायचं. दुसरा फंड काही कोणी देणार नव्हतं.

जीप लवूनेच सुचवली. सकाळी बोरिवलीच्या शाळेची पोरं सोड, दुपारी मंडपवाल्यांचं सामान वाहा, झकास चालेल म्हणाला. देवनारला एका कंत्राटदाराकडे जुनी जीप विकायची होती, साडेअठरा हजारांत. लवूला घेऊनच गेलो. कंत्राटदाराने विचारलं, अजून कोणाला दाखवायची असेल तर दाखवा. मला त्याचाच राग आला. गाववाला बरोबर असताना परका मेकॅनिक आणायचा म्हणजे गाववाल्याच्या तोंडावर थुंकायचं. आमच्यात असं कोणी करत नाही. लवू तासभर गाडीखाली लोळला, बाहेर आला, हात पुसले.

"घे," म्हणाला. "इंजिन जरा थकलाहा, पण गिअरबॉक्स एक नंबर. तेका हात लावची गरज नाय."

घेतली. रुक्मिणीने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, मालनने चाळीतल्या सगळ्यांना पेढे वाटले.

दुसऱ्या आठवड्यापासून वाट लागायला सुरुवात झाली. आधी रेडिएटर गळायला लागला. तो झाळून आणतोय तोवर क्लच प्लेट गेली. मग हेड गॅस्केट उडालं, गाडी पाच मिनिटांत तापायची आणि मागून पांढरा धूर. मग स्टिअरिंग इतकं ढिलं झालं की पाव वळसा फिरवला तरी गाडी आपली सरळच. दर वेळी लवू मजुरी न घेता काम करायचा, सामानाचे तेवढे पैसे. पण सामान काय फुकट येतं? गॅस्केटपायी रुक्मिणीच्या दोन पाटल्या गेल्या. ती चिडली की मीच तिला गप्प करायचो. अगं, लवू आहे म्हणून एवढ्यात भागतंय, दुसऱ्याने आपल्याला नागवलं असतं. रविवारी त्याला जेवायला बोलवायचो, माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात वाढायचो. मालन त्याला काका म्हणायची.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात बोरिवलीला एका चढावर दुसरा गिअर सटकला. मागे अकरा पोरं बसलेली. गिअर परत पडेचना आणि गाडी मागे जायला लागली. ब्रेकवर उभाच राहिलो, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे ती फुटपाथला टेकून थांबली. देवाची कृपा म्हणून कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण संध्याकाळपर्यंत पोरांच्या आया घरी येऊन सांगून गेल्या, उद्यापासून नको.

लवू त्या आठवड्यात गावाला गेला होता, नाहीतर मी गाडी दुसऱ्याच्या हातात दिलीच नसती. चार माणसांनी ढकलत नेली ती हायवेवरच्या चंद्रप्रकाश मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये. त्याने गिअरबॉक्स उघडला, आत बोट घातलं आणि माझ्यासमोर धरलं. काळी लापशी. ऑइलमध्ये लाकडाचा भुसा कालवलेला. दात झिजलेला गिअरबॉक्स आवाज करतो, तो दाबायला विकताना भुसा भरतात, म्हणाला. काही महिने गाडी गप्प चालते, मग दातांचा चुरा होतो.

मी कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली आणि माझं लक्ष झाकणाच्या नटांवर गेलं. सगळ्यांवर ठिपके. ऑइल चढून चॉकलेटी झालेले. फडक्याने पुसले तर खाली लाल. मी गाडी घेतल्यापासून गिअरबॉक्स कोणी उघडलाच नव्हता, गरज नाही म्हणाला होता ना तो. म्हणजे उघडला तो आधी. मी बघायला जायच्या आधी लवूच देवनारला जाऊन हा भुसा भरून आला होता, आणि मग माझ्यासमोर तासभर खाली लोळण्याचं नाटक केलं. मी तिथेच टायरवर बसलो.

लवू परत आला तसा त्याच्या शेडवर गेलो. त्याने नाकारलं नाही. कंत्राटदाराने दोन हजार दिले होते, शेडचं भाडं थकलं होतं.

"पण मी हुतंय मा?" तो म्हणाला. "गाडी तू माझ्याकडेच घेवन येणार हुतंस. तुका कधी तरी वाऱ्यार सोडलंय काय?"

मारायला उचललेला हात तसाच राहिला. असल्या माणसाला मारून काय करायचं?

नवीन गिअर टाकायला पैसे उरले नव्हते. जीप भंगारात गेली, मागोमाग खोली. मालनचं नाव शाळेतून काढलं.

कोणी कायमचं गावाला निघालं की आमचं गाववाल्यांचं मंडळ नारळ ठेवून त्याच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालतं. बोरिवलीला मंडळातले वडीलधारे नाना गावकर यांच्या अंगणात सगळे जमले, लवूही आला. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. नानांना तेवढं म्हटलं, माझं एक मागणं घाला, नाव घेऊ नका. नानांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक जेना कोणी फसवल्यान आसात, तेका नि तेच्या पोराबाळांक हेच दिवस दाखव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज लवूचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले, अगदी मनापासून. तो कंत्राटदाराला शाप देत होता. फसवणाऱ्यांत आपण येतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, मुंबई सुटते म्हणून रडतोय. लवू उठून जवळ आला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला.