सोयीचं ठिकाण

विधी विभागात तिला सगळे 'मसुदेबाई' म्हणत. तिच्या हाताखालून गेलेल्या कायद्यात स्वल्पविरामसुद्धा फुकटचा बसलेला नसतो, अशी तिची ख्याती होती. म्हणूनच स्वच्छ हवेचा आंतरराष्ट्रीय करार देशाच्या कायद्यात उतरवायचं काम आलं, ते थेट तिच्या टेबलावर.

करारातलं एक वाक्य अगदी सरळ होतं. जिथे माणसांच्या नाकातोंडात सर्वांत जास्त धूर जातो, तिथे हवा मोजायचं यंत्र बसवावं. तिने ते तसंच उतरवलं. साहेबांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली.

"बाई, एवढं घट्ट बांधू नका. 'सोयीच्या ठिकाणी' असं लिहा."

"पण साहेब, अर्थच बदलतो त्याने."

"अर्थ पुढे नियमांत सांभाळू. उद्या मसुदा छापायला जायचाय."

बाई नाकासमोर चालणारी. आपण ध चा मा करतोय हे तिला पक्कं कळत होतं. तरी तिने शब्द बदलले आणि डबा खायला गेली. नियम पुढे कधी आलेच नाहीत.

चार वर्षं गेली. तिची थोरली बहीण अक्का बंदराच्या रस्त्याला शिवणकाम करायची. दुकान कसलं, घराची पुढची खोली: मशीन, कापडाचे तागे आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. बाहेर दिवसभर मालट्रक धूर ओकत रांगेत उभे. दोन हिवाळे अक्काचा खोकला हटेना. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसांचं झालेलं नुकसान आता भरून यायचं नाही.

"अगं, खिडकी तरी लावून घ्यायचीस," मसुदेबाई म्हणाली.

"कशाला? चौकातला हवेचा फलक रोज हिरवा असतो. हिरवा म्हणजे हवा चांगली. आणि तो कायदा तर तूच लिहिलास ना, छोटे? गिऱ्हाइकांना मी कौतुकाने सांगते."

खाई त्याला खवखवे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मसुदेबाई त्या फलकाला आकडे पुरवणारं यंत्र शोधत गेली. ते सापडलं तळ्याकाठी, पंपघराच्या गच्चीवर, झाडांच्या सावलीत. यंत्राची देखभाल करणारा कारागीर जाळी पुसत होता.

"हे इथे का बसवलं?" तिने विचारलं.

"इथे वीज आहे, जिना आहे, कुलूप आहे. कायद्यातच म्हटलंय, सोयीचं ठिकाण. ज्याने कोणी लिहिलं त्याचं भलं होवो. नाहीतर मी शिडी घेऊन ट्रकांमागे फिरलो असतो."

तो हसला. तिला हसता आलं नाही. तिथून ती तडक अक्काकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. म्हणजे, मोकळी होईन असं तिला वाटलं होतं.

अक्काने मशीन थांबवलं. "तुला तेव्हा कळत होतं?"

"हो. तू इथे बसतेस, एवढं फक्त डोक्यात आलं नाही."

अक्काने दाताने दोरा तोडला. "कोणीतरी बसत असणारच, हे तरी यायला हवं होतं."

त्या वर्षी संसदेची समिती कायद्याचा फेरविचार करत होती. मसुदेबाईने स्वतःच्या सहीनिशी पत्र लिहिलं, सोबत पेन्सिलीच्या रेघेचा जुना मसुदा जोडला. 'शब्द वरिष्ठांनी सुचवले, पण लिहिले मी, अर्थ ठाऊक असताना,' असं स्पष्ट मांडलं. साहेबांनी बोलणं टाकलं. तिची रवानगी जुनी राजपत्रं लावायला तळघरात झाली. आठ महिन्यांनी कायद्यातलं ते वाक्य बदललं. यंत्र बंदराच्या रस्त्यावर आलं आणि तिसऱ्या दिवशी फलक लाल झाला. वर्ष सरायच्या आत ट्रक शहराबाहेरून जाऊ लागले.

विभागातले लोक येऊन शाबासकी देत. तिची मान आणखी खाली जाई.

अक्काने बोलणं तोडलं नाही. पण कौतुकाने सांगणं मात्र थांबवलं. आता तपासणीला नेताना दवाखान्याचा एक मजला चढायला अक्काला दोनदा थांबावं लागतं. मसुदेबाई पिशवी धरून एक पायरी खाली उभी राहते.

"पुढे हो," अक्का एकदा कठड्याला टेकून म्हणाली. "मागे उभी राहून माझे श्वास मोजू नकोस."

ती पुढे झाली.