मागची सीट

बडोद्याला जुन्या गाड्यांचा मेळावा भरला होता. एक म्हातारे ड्रायव्हर दोन्ही दिवस एकाच काळ्या गाडीला फडकं मारत होते. चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाय ठेवत नव्हते. रविवारी रेसट्रॅकवर गाड्यांच्या फेऱ्या होत्या. तरुण मालकाने किल्ली त्यांच्याच हातात दिली. "आजीची गाडी, काका. तुम्हीच चालवा."

हौशी प्रेक्षक म्हणून मलाही बसायला मिळणार होतं. मी मागचं दार उघडलं, तसे ते घाईने म्हणाले, "पुढे बसा ने, भाई. मागे बाईसाहेब बसायच्या."

मोकळ्या ट्रॅकवर ते सायकलच्या वेगाने निघाले. प्रत्येक वळणावर खिडकीतून हात दाखवत होते. आमच्या मागून सुटलेल्या गाड्या भुर्रकन पुढे गेल्या, कठड्याजवळचे लोक हसले. मला राहवेना. "थोडी पळवा ने, काका!"

"बाईसाहेब सतार शिकवायला जायच्या," ते म्हणाले. "सतार मांडीवर असायची. धक्का बसला की तारा उतरायच्या."



फेरी संपल्यावर ते अनवाणीच उतरले. मागचं दार उघडून अदबीने बाजूला सरकले आणि रिकाम्या सीटसमोर दोन्ही हात पुढे केले, सतार घ्यायला.