तापातलं पळणं

शनिवार, १२ मे १९५६. सकाळी कावेरीवर धाकट्या भावाचा, माधवचा, दहावा झाला.

मंडळींनो, दुपारी आपल्या पळणाऱ्यांचे मास्तर घरी आले. म्हणाले, "उद्या त्याच्या नावानं स्वामीमलैच्या देवळापर्यंत पळायचं. जोरात. पडसं असलं तरी यावं, घामानं उतरतं."

मी म्हटलं, "मास्तर, माधवलाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

"तो हळवा होता. परीक्षेची धास्ती घेऊन बसला."

म्हणजे दोष मेलेल्याचा. माधव रोज जवळच्या मेलकावेरीपर्यंत हळूहळू पळायचा, तेव्हा कधी आजारी पडला नाही. पळून आला की धास्तीही कमी व्हायची. पुढे शर्यतीसाठी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा दम तुटेपर्यंत पळू लागला, तेव्हा झोप उडाली, ताप मागे लागला. डॉक्टर म्हणाले होते, थकलेलं शरीर आजाराशी लढणार कशानं? तरी तो तापात पळायला गेला आणि त्यातच वारला. मास्तरांना नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. मीही म्हटलं नाही.

आज म्हटलं, उद्याचं पळणं माधवच्या नावानं नको. मास्तर उठून निघाले.

हा कागद वाचून लगेच पुढच्या घरी द्या. उद्या तुमच्या घरचं कोणी तापात निघालं, तर तुम्ही अडवाल का?

मास्तर गेल्यावर मी मागच्या अंगणात सकाळी दहाव्याला नदीत भिजलेलं धोतर पिळून वाळत घातलं.