पडद्यामागे काही बांधू नका

माझी मुलगी रूपा लग्नाच्या मांडवात स्क्रीन टांगते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की मी आधी ‘इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय’ एवढंच सांगते, कारण पुढचं समजावायला वेळ लागतो. ही स्क्रीन टीव्हीसारखी भरीव नसते. अरुंद पट्ट्यांवर बारीक दिवे बसवलेले असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये जागा मोकळी असते. लांबून चित्र दिसतं, जवळ गेलं की पलीकडचा माणूस दिसतो. स्टेजवर लोखंडी चौकट उभी करून ही जाळी तिला साखळ्यांनी टांगायची, म्हणजे चित्र हवेत तरंगल्यासारखं वाटतं.

धुळ्यात ही स्क्रीन आणायची हे तिनेच ठरवलं. आमच्याकडे लग्नाची लॉन्स सगळी हायवेच्या कडेला, उघड्या रानात. चैत्र-वैशाखात संध्याकाळी केव्हा वावटळ उठेल सांगता येत नाही. भरीव स्क्रीन टांगली तर वारा तिला धरतो. जाळीतून तो निघून जातो. ‘म्हणून हीच घ्यायची, आई,’ असं ती पटवून सांगायची. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. नोकरी कर असं मी खूप सांगून पाहिलं. मग सांगणं सोडलं आणि दर संध्याकाळी अंगणातल्या कडुनिंबाची पानं हलतात का ते बघायला लागले.

तिच्याबरोबर गिरधरभाऊ असायचे. पन्नाशीचे, पूर्वी मांडव बांधायचे. चौकट उभी करणं, साखळ्या ओढणं, दोर ताणणं ही कामं त्यांची आणि चित्राचं सगळं रूपाचं. ती त्यांना भाऊ म्हणायची आणि ते तिला ताई म्हणायचे. वयाने ती त्यांच्या मुलीएवढी.

रूपात एक उणीव होती. तिला वडीलधाऱ्यांना नाही म्हणता यायचं नाही. तशी ती आमच्याच घरात वाढली. आबा, नाना, अक्का काही बोलले की मान खाली घालायची, हेच आम्ही तिला शिकवलं. आणि तिने जो धंदा निवडला त्यात योग्य वेळी नाही म्हणणं हेच अर्धं काम.

सोनगीरजवळच्या एका लॉन्सवर लग्न होतं. गोरज मुहूर्त. स्क्रीनवर नवरदेव-नवरीचे फोटो फिरत होते. नवरदेवाने फोटोसाठी काळा कोट घातलेला. या स्क्रीनवर काळा रंग म्हणजे बंद दिवे, आणि दिवे बंद म्हणजे पलीकडचं आरपार दिसणार. रूपा आधी फोटो मागवून असे रंग बदलून घ्यायची, पण हा फोटो मुलाकडच्यांनी ऐनवेळी दिला. स्टेजवर नुसतं डोकं आणि दोन हात तरंगायला लागले. स्टेजच्या मागे, मामाबरोबर यायच्या तयारीत, नवरी उभी होती. तिच्या मागे हॅलोजन लागलेला. कोटाच्या जागी ती स्वच्छ दिसायला लागली.

सुंदरबाई म्हणून नवरीची आत्या होती, ती बायकांमध्ये म्हणाली, “जवाईनं आंग कथं गयं वं? नुसतं डोकं टांगी ठेवेल शे.”

दुसरी म्हणाली, “आंगमा नवरी बसेल शे, देख ना.”

बायका पदरात तोंड घालून हसल्या. नवरीचे आजोबा नथ्थू आबा मात्र उठून थेट रूपाकडे आले.

“पोरी, मांगे काही बांध. आम्हना घरमा अंतरपाट निंघस नही तवलोंग नवरदेव नवरीनं तोंड देखत नही.”

“आबा, फोटो लगेच बदलते. मागे काही बांधायचं नसतं, त्यातून वारा जायला पाहिजे.”

“फोटो बदलीसन काय व्हई? उजेड मांगे शे, माणूस दिसावच.”

“मग नवरीला पलीकडच्या खोलीतून आणा ना.”

“मुहूर्त उना, आते तिले हालाडू नको.” मग आजूबाजूच्या पाहुण्यांकडे बघून ते म्हणाले, “एक पोरगी माले वारा शिकाडी राह्यनी.”

पाहुणे हसले. रूपाने मान खाली घातली. गिरधरभाऊ तिच्या कानाशी येऊन म्हणाले, “ताई, अर्ध्या घंटाना सवाल शे. बांधी देऊत. मी खाले दोर धरीसन उभा राहस.”

कडेची एक कनात सोडून जाळीच्या मागे बांधली. नवरी दिसेनाशी झाली आणि आबांचं समाधान झालं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच हायवेच्या बाजूने धूळ उठली. एरवी जाळी थोडी हलली असती, इतकंच. कनातीत वारा भरला. चौकट वाकली, एका बाजूचा क्लॅम्प सरकला आणि जाळीचा खालचा कोपरा दारासारखा फिरून आला. गिरधरभाऊंनी दोर सोडला नाही. सोडला असता तर कोपरा स्टेजच्या पायरीवरच्या लोकांवर गेला असता. तो त्यांच्या पाठीत बसला.

गाडीत घातलं तेव्हा ते शुद्धीवर होते. रूपा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाडी फाटकातून बाहेर पडताना तिला मागून मंगलाष्टकं ऐकू आली. मुहूर्त चुकू नये म्हणून लॉन्सच्या दुसऱ्या टोकाला पाट मांडून लग्न लावलं होतं. त्याबद्दल ती कधी रागाने बोलली नाही. ‘त्यांचं लग्न होतं,’ एवढंच म्हणाली.

भाऊंच्या कमरेखाली जीव राहिला नाही. नथ्थू आबा दवाखान्यात आले, फळं घेऊन आले आणि खरोखर रडले. “वारा कोनना हातमा शे?” असं त्यांनी तीन-चारदा म्हटलं. भागाबाई, भाऊंची बायको, भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत राहिली. ते गेल्यावर रूपा मला म्हणाली, “आबांचं काही चुकलं नाही, आई. त्यांना जाळीतलं काय कळणार? मला कळत होतं.”

मला वाटलं ती आता धंदा सोडेल. मी देवाला तसंच मागत होते. पण तिने सोडला नाही. दोन तरुण माणसं घेतली आणि स्वतः चौकटीवर चढून क्लॅम्प बघायला लागली. लॉन्स आधी जाऊन पाहायची. सूर्य कुठे मावळतो हे बघायची, कारण पाठीमागून ऊन आलं की चित्र फिकं पडतं. स्टेजच्या मागे काय आहे ते बघायची. आचाऱ्याच्या भट्ट्या किंवा नवरीची खोली असेल तर स्पष्ट सांगायची, “ही स्क्रीन तुमच्या कामाची नाही, जमिनीवर ठेवायची भरीव घ्या.” गिऱ्हाईक आलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, पडद्यामागे काही बांधायचं नाही. हो म्हणत असाल तरच पुढचं बोलू.

सगळे हो म्हणायचे. म्हणायला सोपं असतं. मी मात्र धास्तावलेलीच होते. पुन्हा एखादा आबा समोर उभा राहिला तर ही मान वर ठेवेल का? नाही ठेवली तर या वेळी कुणाच्या पाठीवर येईल? दोर धरून आता तीच उभी असायची.

जळगावचं काम माझ्याच ओळखीतून आलं. प्रेमकुंवर माझी कॉलेजातली मैत्रीण. तिची मुलगी जिनल, तिचं लग्न. मी पाहुणी म्हणून गेले होते. प्रेमकुंवरने रूपाची अट आनंदाने मान्य केली होती. दुपारी स्क्रीन टांगून झाली, रूपा आणि तिची माणसं जेवायला बसली. ती परत आली तेव्हा जाळीच्या मागे चौकटीला एक अख्खं फ्लेक्स ताणून बांधलेलं होतं. त्यावर झुंबरबाईंचा, म्हणजे प्रेमकुंवरच्या वारलेल्या सासूबाईंचा फोटो. जाळीवर फुलांचं चित्र सुरू होतं आणि फुलांच्या मधून त्यांचा चेहरा दिसत होता. दिसत होता सुंदर, हे मला कबूल केलं पाहिजे.

प्रेमकुंवरचे सासरे घेवरचंदजी समोर खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांनीच डेकोरेशनवाल्याला सांगून ते बांधून घेतलं होतं.

“दादाजी, हे काढावं लागेल,” रूपा म्हणाली.

“का बेटा? किती छान दिसते बघ. जिनलला हिनेच वाढवलं.”

“आपण गेटवर लावू. नाहीतर आजींचा फोटो स्क्रीनवरच दाखवते, मोठा.”

“ते दिव्यांचं. बटण बंद केलं की गेली. ही मागे उभी राहील, कार्य होईपर्यंत.”

“मागे काही असलं की वारा अडतो.”

“हवा आहे कुठे? पान हलत नाही.”

खरंच हलत नव्हतं. मी झाडं बघूनच घेतली होती. तोवर पाहुणे यायला लागले होते. प्रेमकुंवर रूपाचा हात धरून म्हणाली, “बेटा, आज नको. त्यांची तब्येत तुला माहीत आहे. दोन तास फक्त.” मग ती माझ्याकडे वळली. “तू सांग ना हिला.”

मी वळून बघितलं. रूपाचं तोंड पांढरं पडलं होतं. तिची मान खाली गेली तेव्हा मला वाटलं, झालं, ही हो म्हणते.  मान तशीच खाली ठेवून ती म्हणाली, “दादाजी, फोटो राहू दे. मी माझी स्क्रीन उतरवते.”

“कार्यात?”

“हो.”

“गिरधरचं झालं ते आम्हालाही माहीत आहे. म्हणून काय प्रत्येकाच्या मांडवात तू सुतक घेऊन येणार?”

 तिने दिवे बंद केले, साखळ्या सैल केल्या आणि शेकडो पाहुण्यांसमोर जाळी खाली घेतली. साखळ्यांचा खडखडाट थांबेपर्यंत सनईवाले थांबले होते. मागे फ्लेक्स उरलं. पण जाळीशिवाय त्याच्यावर हॅलोजनचा झोत सरळ पडला आणि झुंबरबाईंचा चेहरा नुसता चकाकायला लागला. घेवरचंदजी उठून आत गेले. ते वरमालेलाही बाहेर आले नाहीत.

वारा आला नाही. आम्ही रात्री निघालो तोपर्यंत एक झुळूकही नाही. प्रेमकुंवरने मला निरोपाचा हातसुद्धा केला नाही. त्यानंतर जळगावची ठरलेली कामं एकेक करून रद्द झाली, धुळ्यातही लॉन्सवाले टाळायला लागले. पोरीने धसका घेतलाय, वेडी झालीये, अंगात येतं, असं बोलतात. माझ्यासमोरही बोलतात.

परवा आम्ही दोघी गिरधरभाऊंकडे गेलो होतो. त्यांच्यापर्यंत सगळं पोचलंच होतं.

“वारा उना का मंग?” त्यांनी विचारलं.

“नाही, भाऊ.”

“थोडा बी नही?”

“थोडाही नाही.”

 ते छताकडे बघतच म्हणाले, “सोनगीरले तू असं करती ना ताई, तर मी बी तुले शिव्या देतू. लई देतू.”

 भागाबाईने हाक मारली, त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. रूपाने खांद्याखाली हात घातला, भागाबाईने कमरेला धरलं, आणि दोघींनी मिळून त्यांना भिंतीकडे वळवलं.