भागीबायची गोळी

भागीबाय जिभेखाली गोळी ठेवायच्या आणि उजवा हात वर करायच्या. म्हणजे ती विरघळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एरवी तोंडाला खळ नसलेली ही बाई त्या दहा मिनिटांत डॉक्टरांनाही उत्तर देत नसे.

मी नौपाड्यातल्या एका व्यसनमुक्ती दवाखान्यात नर्स आहे. भागीबाय कळव्याच्या, साठी उलटलेल्या. तरुणपणी मिठागरात राबल्या. कंबर धरली तेव्हा नवऱ्याने आपल्या अफूतला मिरीएवढा तुकडा त्यांना दिला. पुढे नवरा गेला, मिठागर गेलं, जमिनीवर इमारत उभी राहिली. अफू मात्र तीस वर्षं टिकली. "दुखना गेला, दवा राहिली," असं त्या सांगायच्या.

एका दुपारी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या असताना त्यांना गुंगी आली. सुनेने काही न बोलता बाळ उचलून नेलं. तिचं ते न बोलणं त्यांना लागलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या.

अफूची तलफ भागवणारी, पण गुंगी न आणणारी गोळी द्यायची ठरली. डॉक्टरांनी बजावलं होतं, अफू थांबवून अंग दुखायला लागल्यावरच पहिली गोळी घ्यायची, नाहीतर उलटा त्रास होतो. ठरल्या दिवशी त्या आल्या आणि अफू घेतली नाही म्हणाल्या. गोळी दिल्यावर तासाभरात घाम, उलट्या, तडफड. माझं मनगट धरून त्या म्हणाल्या, "बाय, मी खोटा बोलले. सकाली घेतलीवती."

डॉक्टर रागावले नाहीत. त्रास उतरेपर्यंत त्यांना थांबवून घेतलं. ही काही परत येत नाही, असं मला वाटलं. चौथ्या दिवशी त्या दारात उभ्या. नाक वाहत होतं, जांभया थांबत नव्हत्या, पाय थरथरत होते.

"आज खरी आले," त्या म्हणाल्या.

गोळी लागू पडली. चार महिन्यांत चेहरा उजळला, भूक परतली. मग मुलाने, मोहनने, गोळ्या बंद केल्या. अफू सुटली, आता हे दुसरं व्यसन कशाला, असं त्याचं म्हणणं. पंधरा दिवसांत भागीबायची पावलं जुन्या अफूवाल्याच्या गल्लीकडे वळली. कोपऱ्यावर त्या थांबल्या, रिक्षा केली आणि थेट आमच्याकडे आल्या. घडलं ते सगळं सांगितलं आणि मोहनला बोलावून घ्या म्हणाल्या.

तो आला. डॉक्टर समजावू लागले, तर त्यांना थांबवून भागीबायच बोलल्या, "उधानाचा पानी आत शिरला नाय, म्हून कोन बांद फोरतं का रं?"

मोहन मिठागराच्या बांधावरच वाढलेला. त्याने डॉक्टरांना विचारलं, "गोळी परत कधीपासून सुरू करायची?"

गोळी पुन्हा सुरू झाली, त्याला आता दोन वर्षं होतील. कमी कधी करायची ते डॉक्टर आणि त्या मिळून ठरवतात, घाई कुणालाच नाही. परवा मोहनचा फोन आला.

"सिस्टर, आईला एकवीरेला घेऊन चाललोय. पायऱ्या चालत चढणार म्हणते. गोळ्या आजच नेल्या तर चालतील ना? एक दिवसही चुकायला नको."