बाबांना आणायला टेंभुर्णीच्या खळ्यावर

ईस्टरच्या आधी शाळेला सुट्टी लागली आणि मी मनात झोपेचे मोठमोठे बेत आखत होते, तेवढ्यात आईने चुलीपुढूनच हुकूम सोडला. "उद्याच्या मोटारीनं टेंभुर्णीला जा अन् तुझ्या बाबांना घेऊन ये. येत नसतील तर का येत न्हाईत ते तरी इचारून ये."

आमचे बाबा मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर. आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं गाणं त्यांनीच उचलायचं; हातात टाळ, डोळे मिटलेले आणि मागून सगळी मंडळी. मग हळूहळू त्यांचे कान गेले. पुढे असं होऊ लागलं, की सगळ्यांचं कडवं संपलं तरी बाबांचं चालूच. मागच्या बाकावरची पोरं खिदळायची. पाळकसाहेब मनाचे फार चांगले. त्यांनी एके दिवशी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून "मास्तर, आता जरा आराम करा," असं सांगितलं. बाबांनी टाळ चर्चच्या कपाटात ठेवला आणि घरी येऊन त्यावर अवाक्षर काढलं नाही. पण त्या दिवसापासून जेवणाआधीची प्रार्थना बंद झाली. ज्वारी काढायला आली तशी "अक्काकडे मदतीला जातो" म्हणून जे गेले ते गेलेच. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, टेंभुर्णीला दिलेली.

"जन्मभर देवाचं गाणं गायलं त्या माणसानं," आई म्हणाली, "अन् आता देवच सोडला की काय गं?" असं म्हणताना तिने भाकरी इतकी जोरात थापली, की मी निमूटपणे पिशवी भरायला घेतली.

मोटार जालन्याच्या कादराबाद भागातून सुटते. सुटते म्हणजे भरली की सुटते. वेळ विचारू नये, ड्रायव्हरला राग येतो. मागची जागा मुळीच घेऊ नका. रस्त्याची सगळी धूळ ताडपत्रीच्या फटीतून तिथेच येऊन बसते, आणि देऊळगाव राजाला उतरेपर्यंत तुमचे केस तुमच्या सासूसारखे पांढरे होतात. टेंभुर्णी आपल्या निजामाच्या मुलखात, पण मोटारीची वाट वऱ्हाडातल्या देऊळगावावरून, म्हणून जाताना हद्द दोनदा ओलांडावी लागते. जालन्यात भाडं हाली, म्हणजे निजामाच्या, पैशात दिलं तरी चालतं, पुढे मात्र चहावालासुद्धा इंग्रजांचे कलदार मागतो. थोडे सुटे कलदार पदराला बांधून ठेवा.

हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आहे. तिथल्या लाल टोपीवाल्या साहेबांनी माझी पिशवी उघडली आणि बाबांचा काळा कोट बाहेर काढला. आईने तो ईस्टरला घालायला म्हणून मुद्दाम बरोबर दिला होता, न जाणो मनुष्य तिकडून परस्पर चर्चमध्येच यायचा.

"ये कोट नया है?" साहेबांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा मोठा आहे हो तो," मी म्हणाले.

त्यांनी कोट उजेडात धरला. कसरीने केलेल्या भोकांतून ऊन थेट त्यांच्या दाढीवर पडलं. "जाओ बाई, जाओ," ते हसत म्हणाले, "इसपे महसूल लगाया तो सरकार कोच शरम आएगी."

देऊळगावला बालाजीच्या पेठेत गरम भजी खाऊन घ्या, पुढे टेंभुर्णीपर्यंत काही मिळत नाही. पुढची वाट बैलगाडीची. मला रहीमचाचा भेटले. टेंभुर्णीचेच, सरकी टाकून रिकामी गाडी परत नेत होते. मास्तरांची धाकटी म्हटल्यावर त्यांनी भाडं घ्यायचंच नाकारलं आणि बसायला कडब्याची गादी करून दिली. शेतं बहुतेक निघालेली, बांधावर पळस फुललेला आणि गाडी अशी हादरत होती, की खाल्लेली भजी माझ्याशी बोलू लागली. तरी सांगते, मी मजेत होते. जालन्यात बाईमाणसाला पाय लांब करून आभाळाकडे बघत बसायला कुठे मिळतं?

दुपार कलल्यावर चाचांनी एका लिंबाखाली गाडी थांबवली, कासरा माझ्या हातात दिला, डोक्याचं फडकं सोडून जमिनीवर अंथरलं आणि नमाज पढले. बैल जागचे हलले नाहीत. त्यांना रोजची सवय असावी. मीच काय ती कासरा गच्च धरून घाम पुसत उभी होते.

"गाव आलंच होतं की चाचा," नंतर मी म्हणाले. "मशिदीतच पढायचं."

"मशीद हाय तिथं हाय, बाई," फडकं झटकत ते म्हणाले. "वखत तर हितंच आला न्हवं? मंग हितंच पढावं लागतं, बराबर?"

बराबर, म्हटलं. मग मी बाबांची चौकशी केली. चाचा हसले. "मास्तर खळ्यावरनं हालतच न्हाईत. जेवायला बी तिथंच. बिलकुल पोरासारखे झालेत."

हे ऐकून मला बरं वाटावं की काळजी वाटावी ते कळेना.

अक्काच्या घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने येसराची, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि चुलीवरून थेट ताटात पडणारी भाकरी वाढली. टेंभुर्णीत दुसऱ्या भाकरीला नाही म्हणू नये. म्हटलंच तर तिसरी पडते. मी आईचं म्हणणं सांगितलं तशी अक्का म्हणाली, "मी काय सांगू? तूच बघ उद्या. मला तर बाबा बरे दिसून राह्यले."

सकाळी न्याहारीचं गाठोडं घेऊन खळ्यावर गेले. गावाबाहेर शेणाने सारवलेलं गोल खळं, मधोमध ज्वारीची रास आणि राशीजवळ गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेले आमचे बाबा, भुशाने नखशिखान्त माखलेले. मला पाहून दोन्ही हात पसरले. मी धावतच पुढे गेले आणि ते एवढ्या मोठ्याने ओरडले, की झाडावरची पाखरं उडाली.

"चपला!"

मी जागीच थबकले. खळ्यात चपला घालून पाऊल टाकत नाहीत हे मला काय ठाऊक नव्हतं? पण जालन्याला राहून विसरले होते. चपला बांधाला काढून आत गेले तेव्हा कुठे बाबांनी मला जवळ घेतलं. डोक्यावरून हात फिरवताना माझ्या केसांत पसाभर भुसा घातला.

न्याहारी झाल्यावर उपणणी सुरू व्हायची होती. बाबा उंच तिवईवर चढले. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, ज्वारीची पाटी भरून हातात देणार होते. शेजारच्या खळ्याचे हरिभाऊ आपलं काम टाकून मदतीला आले होते. इकडे तशीच रीत आहे, आज ह्याच्या खळ्यावर, उद्या त्याच्या. अक्का खराटा घेऊन उभी. आणि अचानक सगळे गप्प झाले. कोणी हलेना. बाबा तोंड वर करून, डोळे मिटून उभे. दाजींची मान किंचित कललेली. हरिभाऊंनीसुद्धा डोळे मिटलेले.

मी मनात हरखले. म्हटलं, आई, तू उगाच घोर लावून घेतलास! इथे तर कामाआधी प्रार्थना चालली आहे, हिंदू शेजारीसुद्धा सामील आहे. मी चटकन गुडघे टेकले, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून डोळे मिटले. बराच वेळ तशीच होते. कोणी काही बोलेना, म्हणून पुढाकार घेऊन मोठ्याने "आमेन" म्हटलं.

"काय झालं हिला?" हरिभाऊंचा आवाज आला.

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. अक्का खराट्याला धरून हसत खाली बसली. "अगं बये," ती म्हणाली, "वारं बघून राह्यलो आम्ही! वारं आल्याबिगर उपणायचं कसं?"

हरिभाऊंनी हसताहसता डोळे पुसले. "असू द्या, असू द्या. बाईंच्या आमेननं आलं तर आलंच की!" बाबांना काहीच ऐकू आलं नव्हतं. दाजींनी हाताच्या खुणांनी सगळा प्रकार करून दाखवला, गुडघे टेकण्यासकट, आणि तिवईवर उभे असलेले बाबा इतके हसले, की पडतात की काय असं वाटलं. बाबांना तसं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

आणि खरंच वारं आलं. आधी लिंबाचा शेंडा हलला, मग माझा पदर. बाबांनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. गालाला वारं लागताच पाटी कलती केली. दाणे सरळ खाली आणि भुसा सोनेरी होऊन बाजूला. पाटीमागून पाटी. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते भुशाचं नव्हतं हे मला तिथूनही कळत होतं.

दुपारी लिंबाखाली बसलो तेव्हा मी त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावून ओरडले, "आई म्हणते, तुम्ही देवाला सोडलं!"

"मी?" बाबा दचकले. "अगं, मला तर वाटलं त्यानंच मला सोडलं."

मग ते बोलत राहिले. चर्चमध्ये बसून मी नुसते लोकांचे ओठ बघायचो, म्हणाले. उपदेश कळेना, गाणं कळेना. सगळ्यांशी देव बोलतोय आणि मला तेवढं बाहेर उभं केलंय, असं वाटायचं. घरी जेवणाआधी तोंड उघडावं, तर ते कुणापर्यंत पोचतंय का तेही कळायचं नाही. "इथं आलो अन् पहिल्याच दिवशी दाजीनं तिवईवर चढवलं. वारं आलं. ऐकावं लागलं न्हाई गं मला. अंगालाच कळलं. तो होता तिथं."

मला रडूही येत होतं आणि त्यांचा हात सोडवतही नव्हता. "मग घरी चला ना," मी ओरडले. "आई वाट बघते आहे."

बाबांचा चेहरा उतरला. "तिथं मी परत बहिरा होईन," ते म्हणाले.

आई तिकडे एकटी, आणि इकडे ज्याला त्याचा देव सापडलाय त्याला मी मोटारीत घालून नेणार. त्या दिवशी मी पुन्हा विषय काढला नाही. मुकाट्याने पाट्या भरल्या. दुसऱ्या दिवशी अंग असं काही ठणकत होतं, की अक्काला मला हात धरून उठवावं लागलं.

रास मोजायचा मान हरिभाऊंना दिला. इकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन. हरिभाऊ "लाभ" म्हणाले आणि सगळ्यांच्या तोंडावर हसू आलं. मग जो येईल त्याच्या झोळीत ओंजळ पडत गेली: गोसावी आला, दर्ग्याचा फकीर आला, सुतार, चांभार. पोती घरी गेली. संध्याकाळी दाजी औत घेऊन आले. खळं मोडून तिथे नांगर घालायचा होता. बाबा बांधावर उभं राहून सारवलेली जमीन फुटताना बघत होते.

"बघ," ते मला म्हणाले, "खळं बी काही कायमचं नसतं." मग खोचलेलं धोतर खाली सोडलं. "चल, जाऊ घरी. बघू तिथं कसं होतं ते."

तुमच्याबरोबर धान्य असेल तर परतताना देऊळगावची वाट धरू नका, नाक्यावर पोतं उघडावं लागतं. जाफराबादेकडून निजामाच्याच हद्दीतून बैलगाडीने या. लांब पडतं, हाडं खिळखिळी होतात, पण कोणी विचारत नाही. आम्ही अक्काने दिलेलं ज्वारीचं पोतं घेऊन तसेच आलो. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा असं म्हणतात, पण दुरून आमची वस्ती दिसली तशी बाबांनी गाडीची दांडी घट्ट धरली.

ईस्टरला बाबा काळा कोट घालून आईशेजारी बसले. (आमच्या मंडळीत नवरा-बायको वेगळे बसतात, पण त्या दिवशी आईने कुणाला विचारलं नाही.) गाणी सुरू झाली. बाबा सगळ्यांकडे बघून हसत होते. पण त्यांचे हात गुडघ्यांवर नुसतेच चाळवत होते, पाटी शोधत असल्यासारखे. मला वाटलं, झालं, संपलं. आईही त्या हातांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याच्या घरघरीने मला जाग आली. त्यात काही नवीन नाही, आई रोज दळते. पण आवाज वेगळा होता, जड आणि भराभर. उठून पाहिलं तर टेंभुर्णीच्या ज्वारीचं सूप मधे ठेवलेलं, एका बाजूला आई, आणि समोर, पाय पसरून, माझे बाबा! खुंट्यावर आईचा हात आणि त्यावर बाबांचा. आमच्या सबंध वस्तीत पुरुष जात्याला बसल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

"म्या बसवलं," माझ्याकडे न बघता आई म्हणाली. "हाताला काम लागतं त्यांना."

मग तिने प्रभूच्या नावाची तिची ओवी सुरू केली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. जात्याचे दोन वेढे तसेच गेले, आणि त्यांनी तोंड उघडलं. आवाज नको तितका मोठा होता, सूरही इकडेतिकडे होता. पण वेढा पुरा झाला की त्यांचीही ओळ पुरी व्हायची, आणि आई थांबली की तेही थांबायचे. ओवीमागून ओवी गेली. कुठेच ताल चुकला नाही.

"बघत काय उभी राह्यलीस?" आई ओरडली. तिचे गाल ओले होते. "दार लाव आधी! लोक काय म्हणतील?"

मी दार लावलं. त्याचा काही उपयोग झाला नाही, बाबांचा आवाज पार चर्चच्या फाटकापर्यंत गेला.